चार माणसांत उभे राहून बोलताना



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांतून आणि वाड्यांतून हिंडताना मी एरवी तुमच्याशी बियाण्याबद्दल, खतांबद्दल, करप्या आणि खोडकिडीबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. भाषण कसे लिहावे, कसे मांडावे आणि कोणत्या प्रसंगी काय बोलावे, हे आज सांगावयाचे आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याचा भाषणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण विस्तार खात्यातल्या माणसाचे निम्मे आयुष्य दुसऱ्यापुढे उभे राहून बोलण्यात आणि निम्मे दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यात जाते. सभेत कोणाची मागणी पुढे सरकते आणि कोणाची कागदावरही येत नाही, हे पाहून काही आडाखे बांधता आले आहेत.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. गावात आज हे फार खरे झाले आहे. भाषण म्हणजे पुढाऱ्याचे काम, हा समज आता सोडावा लागेल. १९९३ साली पंचायत राज्याची घटनादुरुस्ती अंमलात आली आणि २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या. त्यामुळे कालपर्यंत आवण काढणारी, चुलीपुढे बसणारी बाई आज सरपंच म्हणून १५ ऑगस्टला झेंड्याखाली उभी असते आणि तिला चार शब्द बोलावे लागतात. सेवा सोसायटीची वार्षिक सभा, बचत गटाचा मेळावा, शाळेचा निरोप समारंभ, गावातल्या जुन्या माणसाची शोकसभा, कारखान्यासाठी होणारी जनसुनावणी, अशा किती जागी आपल्याला उठून उभे राहावे लागते ते मोजून पाहा.

आधी आपला अभंग ठरवा

भाषणाची शिस्त शिकायला शहरात जाण्याची गरज नाही. आपल्या देवळात ती शतकानुशतके चालू आहे. वारकरी कीर्तनकार काय करतो ते पाहा. तो एकच अभंग घेतो. सुरवातीला तो म्हणतो, मग त्याचे एकेक चरण उलगडतो, संतांची प्रमाणे देतो, मधे एखादा दृष्टांत सांगून हसवतो किंवा डोळ्यांत पाणी आणतो, आणि फिरून त्याच अभंगावर येतो. दोन तासांत तो कितीही लांब गेला तरी धरलेला अभंग सुटत नाही. आपली भाषणे फसतात ती इथेच. पाच मिनिटांत आपण पाच अभंग धरतो आणि एकही पुरा करीत नाही.

म्हणून कागद-पेन घेऊन बसलात की पहिली ओळ म्हणून एकच वाक्य लिहा. माझे बोलणे ऐकून घरी गेलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांनी विचारले, ‘काय बोलला रे तो?’ तर त्याने एका वाक्यात काय सांगावे? ते वाक्य सापडेपर्यंत पुढे लिहू नये. ‘पाणीप्रश्नावर बोलणार आहे’ हे वाक्य नव्हे, तो नुसता विषय झाला. ‘मार्च संपायच्या आत आमच्या वाडीला टँकर मंजूर झाला पाहिजे’ हे वाक्य झाले. एकदा ते हाती आले की कोणता मजकूर ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे आपोआप कळू लागते.

कीर्तनाची आणखी एक तऱ्हा घेण्यासारखी आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना सतत प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बकरे मारावे का, असा साधा प्रश्न टाकायचा आणि लोकांनीच ‘नाही’ म्हणायचे. माणूस स्वतःच्या तोंडाने जे बोलतो ते त्याला लवकर पटते. तुमच्या भाषणातही एखादा प्रश्न असा असू द्या, की ज्याचे उत्तर समोरच्याला ठाऊक आहे.

ग्रामसभेतली दोन मिनिटे

सर्वांत महत्त्वाचे भाषण हेच, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. ग्रामसभेत हार नसतो, टाळ्या नसतात आणि पुष्कळदा माईकही नसतो. पण गावाच्या पैशाचा, वाटेचा आणि पाण्याचा निर्णय तिथेच होतो.

समजा, तुमच्या वाडीच्या वाटेवर ओढा आहे आणि त्यावर साकव हवा आहे. नेहमी असे होते. एखादा तापट तरुण उठतो आणि म्हणतो, ‘आमच्या वाडीवर नेहमीच अन्याय होतो. मतं मागायला येता तेव्हा आम्ही दिसतो. पंधरा वर्षं झाली, कुणी लक्ष देत नाही.’ हे सगळे खरे असेल. पण सरपंचांना ते लागते. त्यांच्या बाजूचा कोणी उठून म्हणतो, मागच्या वेळी तुम्ही कोणाला मत दिले ते आम्हांला माहीत आहे. वाद पेटतो, लोक उठून जातात, आणि इतिवृत्तात ‘साकव’ हा शब्द येतसुद्धा नाही. राग व्यक्त झाला, मागणी राहून गेली.

आता हेच असे बोलून पाहा. आकडे अर्थातच नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घालावेत.

‘नमस्कार. मी वरच्या वाडीतून आले. आमच्या वाडीत बेचाळीस घरं आहेत. वाडी आणि शाळा यांच्या मधे ओढा आहे. पाणी चढलं की पोरं शाळेत जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात असे तेवीस दिवस गेले, शाळेच्या हजेरीपटावर ते दिसतं. ऑगस्टात एका बाळंतिणीला चार जणांनी डोलीत घालून पलीकडे नेलं. आमचं मागणं एकच आहे. या ओढ्यावर साकव व्हावा असा ठराव आजच्या सभेनं करावा आणि तो पंचायत समितीकडे पाठवावा. ओढ्याचे फोटो आणि पन्नास जणांच्या सह्या अर्जाला जोडल्या आहेत. ठराव मी मांडते. अनुमोदन द्यायला आमच्या शेजारच्या काकू उठतील.’

घड्याळ लावून वाचा. मिनिटभरात संपते. यात कोणाला शिवी नाही आणि ‘अत्यंत गंभीर’, ‘भयानक’ असले शब्दही नाहीत. मी कोण, अडचण काय, तिला पुरावा काय, आणि मला कोणाकडून नेमके काय हवे, एवढेच आहे. तेवीस दिवस आणि एक डोली यांनी जे काम होते ते ‘अन्याय’ हा शब्द शंभर वेळा उच्चारून होत नाही. आकडा एकच द्यावा, फार तर दोन. आकड्यांची पोतीच्या पोती ओतली की ऐकणाऱ्याच्या हाती एकही राहात नाही.

मागणी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच करावी, हेही ध्यानात असू द्या. ग्रामपंचायत साकवासाठी ठराव करू शकते, पण धरणाच्या कालव्याचे पाणी सोडू शकत नाही. कर्जतच्या राजनाला कालव्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे. तिथे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले नाही तर सरपंचांशी भांडून उपयोग नाही. पाटबंधारे खात्याकडे जाईल असा ठराव मागावा लागतो.

थोडी कायद्याची माहिती इथेच देतो, कारण ती नसली तर उत्तम भाषणही वाया जाते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते. माता-भगिनींनो, ही सभा कागदावरच उरकू देऊ नका. मोठ्या सभेत दीर, सासरे, गावचे मोठे समोर बसलेले असतात, तिथे तोंड उघडत नाही हे मी जाणतो. महिला सभेत विषय एकदा बोलला गेला की मोठ्या सभेत तो पुन्हा बोलताना आवाज थरथरत नाही, आणि पाठीशी चार जणी असतात. शिवाय आपला विषय सभेच्या काही दिवस आधी लेखी अर्जाने ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो त्यांच्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी. आयत्या वेळच्या विषयांत शिरलेली मागणी बहुधा जेवणाच्या वेळेला येते आणि तिथेच मरते. बोलून झाले की बसू नका. ‘ठराव कसा लिहिला तो वाचून दाखवा’ एवढे एक वाक्य आणखी बोला.

जनसुनावणी

आपला भाग आता निव्वळ भाताचा राहिलेला नाही. खोपोली आणि रसायनी-पाताळगंगा इथली कारखानदारी जुनी आहे आणि नवे प्रकल्प येत असतात. ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी आवश्यक असते ती २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, सगळ्याचे चित्रीकरण होते, आणि शेवटी लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो.

या सभेत आपली माणसे मोठ्या आवाजात ‘आमचा विरोध आहे’ किंवा ‘आमचा पाठिंबा आहे, पोरांना नोकऱ्या द्या’ एवढेच म्हणून खाली बसतात. गोषवाऱ्यात त्याची एक ओळ होते आणि अशा ओळीला उत्तर द्यावे लागत नाही. प्रश्नाला मात्र द्यावे लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो त्या ३० दिवसांत मिळवा, गावातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या आणि त्यातलेच एक वाक्य धरून उभे राहा. ‘माझे शेत कारखान्याच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवर, ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. अमुक पानावर लिहिले आहे की सांडपाणी ओढ्यात सोडणार नाही. पावसाळ्यात टाकी भरून वाहिली तर ते पाणी कोठे जाईल?’ बस्स. एवढेच विचारा आणि उत्तर येईपर्यंत उभे राहा. जे बोललात तेच लिहून, सही करून, जागेवरच द्या. प्रकल्प हवा असेल तरीही हेच करावे. नोकऱ्या किती, कोणत्या शिक्षणाला आणि कोणत्या गावांना, हे विचारून घ्यावे.

बांधावरचे भाषण

शिवार फेरी निघाली की अधिकारी एखाद्या शेतकऱ्याला म्हणतात, ‘बोला आता तुमचा अनुभव.’ आणि काल रात्रीपर्यंत ओट्यावर दोन तास रंगून बोलणारा माणूस एकदम पुस्तकी मराठीत शिरतो. ‘सदर तंत्रज्ञानाचा अवलंब केल्यामुळे उत्पादनात लक्षणीय वाढ झाली.’ अहो, असे आम्हीसुद्धा आता बोलत नाही! निदान बोलू नये.

बांधावर बोलताना हातात वस्तू हवी. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती समजावून सांगायची असेल तर नियंत्रित लावणीचे अंतर तोंडाने सांगण्यापेक्षा १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा केलेली दोरी ताणून दाखवावी. चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट खोचायची, हे एकाला खाचरात उतरवून त्याच्याच हातून करवावे. ऐकलेले विसरते, पाहिलेले थोडे राहते आणि हाताने केलेले ध्यानात बसते, हा विस्तार कार्याचा पहिला धडा आहे.

आणि नुकसानही सांगा. आपल्याच तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी, आता पुष्कळांना माहीत आहे. नांगरट, चिखलणी आणि लावणी टाळून कायमच्या गादीवाफ्यावर भात टोकायचा, अशी ती पद्धत. ती केलेला शेतकरी जर म्हणाला, ‘लावणीची मजुरी वाचली, पण पहिल्या वर्षी तणाने जीव खाल्ला, आणि त्यावर मी असे केले,’ तर लोक कान देऊन ऐकतात. नुसते गोड बोललात तर मागच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून हसतात, कारण तुमचे तण त्यांनी बांधावरून पाहिलेलेच असते. मी बोलायला उभ्या राहणाऱ्याला नेहमी तीनच गोष्टी विचारतो. काय केलेस? किती खर्च आला? काय अडले? त्यांची उत्तरे म्हणजेच भाषण.

थोरांच्या स्मृतिदिनी

जयंती-पुण्यतिथीची भाषणे आता मोबाईलवर तयार मिळतात. त्यामुळे नाव बदलले की तेच भाषण कोणालाही चालते, अशी अवस्था आली आहे. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’, ‘प्राणांची आहुती’ हे शब्द काढून टाकल्यावर कागदावर काही उरते का, ते पाहावे. उरत नसेल तर ते भाषण करू नये.

आपल्याकडे २ जानेवारीला भाई कोतवालांचे स्मरण होते. या माणसाबद्दल बोलायला विशेषणे कशाला हवीत? विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या झटापटीत ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. आता हिशोब करून सांगा, त्या दिवशी कोतवालांचे वय तीस वर्षे, एक महिना आणि एक दिवस होते. समोर बसलेल्यांत त्या वयाचे तरुण असतील. त्यांच्याकडे पाहून हा आकडा सांगा आणि क्षणभर थांबा. तिथे आणखी काही बोलण्याची गरज पडत नाही. वीज कोठून येई, हेही सांगा. भिवपुरी आणि खोपोलीची टाटांची वीजघरे आपल्या दारातच आहेत. मनोरे का पाडले हे त्यावरून शाळेतल्या पोरालाही समजते.

मोठा विचार कसा मांडावा याचा नमुना हवा असेल तर तोही आपल्याच जिल्ह्यातला आहे. तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते, १९८१ पासून रायगड झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले मराठी भाषण मिळवून वाचा. सुरवात अगदी साधी आहे, आलेल्यांचे स्वागत आणि मार्चमधे याच गावात चवदार तळ्यावर काय घडले त्याची आठवण. मग ते विचारतात, आपण कशासाठी आलो आहोत? त्या तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण आजवर मेलो नव्हतो, आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करायला तिथे जायचे आहे, अशा आशयाचे ते उत्तर देतात. आणि या तळ्याकाठच्या सभेची तुलना ते थेट १७८९ मधे फ्रान्सात भरलेल्या राष्ट्रीय सभेशी करतात. पाहा, बोलणे एका तळ्यापासून निघाले आणि साऱ्या जगापर्यंत गेले. श्रोत्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून सुरवात केल्यामुळे तो सगळी वाट बरोबर चालतो. आपण नेमके उलटे करतो. आधी साऱ्या जगाच्या आणि देशाच्या परिस्थितीचा आढावा घेतो, आणि गावापर्यंत येईतो वेळ संपते.

शोकसभा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा वेळी शब्द तोकडे पडतात, आणि पडू द्यावेत. शोकसभेत बोलणाऱ्याने दोन मिनिटांपलीकडे जाऊ नये. गेलेल्या माणसाचे एकच काही सांगावे, जे तुम्ही स्वतः पाहिले आहे. तो लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या खाचरात न बोलावता कसा उतरे, किंवा ती बाळंतपणाला रात्री कंदील घेऊन कशी निघे, एवढे पुरे. ‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली’ हे वाक्य इतक्यांदा वापरले गेले आहे की घरच्या माणसांच्या कानांवरून ते नुसते ओघळून जाते.

काही गोष्टी मुळीच बोलू नयेत. मृत्यूचे कारण सांगत बसू नये. ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर’ हे चुकूनही म्हणू नये. घरची मंडळी तेच मनात घेऊन बसलेली असतात. नशीब, कर्म, देवाची इच्छा यांवर प्रवचन देऊ नये. मागे राहिलेल्यांची नावे बरोबर घ्यावीत, आणि मदत करणार असाल तर कोणती, केव्हा, हे सभेत न सांगता घरी जाऊन सांगावे. बोलताना रडू आले तर थांबावे, पाणी प्यावे, आणि जमले नाही तर नमस्कार करून बसावे. त्याला कोणी हसत नाही.

प्रास्ताविक, परिचय, आभार

यांवर फार शाई खर्च करीत नाही. प्रास्ताविक म्हणजे कार्यक्रम कशासाठी आहे ते तीन मिनिटांत सांगणे. पाहुण्यांचा परिचय करून देताना त्यांच्या पदव्यांची यादी वाचू नये, आजच्या विषयाशी त्यांचा संबंध काय तेवढे सांगावे आणि नावाचा उच्चार आधी त्यांनाच विचारून घ्यावा. आभार मानणाऱ्याने मंडपवाल्याला, चहावाल्याला आणि सतरंज्या घालणाऱ्या पोरांना विसरू नये. मंचावरच्यांचे आभार तर सगळेच मानतात. प्रत्येक वक्त्याने व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे पदांसकट घेण्याची जी रीत पडली आहे, ती बंद झाली तर कार्यक्रमाचा अर्धा तास वाचेल असे माझे स्पष्ट मत आहे. सूत्रसंचालकाने नावे एकदा घेतली की पुढच्यांनी ‘अध्यक्ष महाराज आणि गावकरी मंडळी’ एवढे म्हणावे. शाल-श्रीफळांबद्दल तर न बोललेलेच बरे.

निरोप समारंभ किंवा लग्नातले चार शब्द यांत थट्टा चालते, पण ती त्या माणसाला पोटात दुखेल अशी नसावी.

शाळेतल्या मुलाचे भाषण

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की घरोघर आई-बाप मुलाकडून भाषण घोकून घेतात. मुलगा चौथीतला आणि शब्द वकिलाचे! मधे एक शब्द विसरला की गाडी थांबते, पोर रडकुंडीला येते, आणि पुढे आयुष्यभर माईकचे भय बसते. त्यापेक्षा मुलालाच विचारा, तुला झेंडावंदनाच्या दिवशी काय आवडते? तो म्हणेल, पावसात उभे राहून झेंडा वर जाताना बघायला आवडतो. तेच त्याचे पहिले वाक्य. असली सात-आठ वाक्ये त्याच्याच बोलीत लिहून द्या. ठाकरी किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला सुरवातीची दोन वाक्ये त्याच्या बोलीत बोलू दिली तर तो पुढचे शाळेच्या मराठीत सहज बोलतो. शिक्षकांनी त्याला आडकाठी करू नये. पाठ करायचेच तर पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करावे. मधले विसरले तरी उडी मारून शेवटावर येता येते.

मोठ्यांनीही हेच करावे. शांतपणे बोलले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे शब्द. भाषण आधी पूर्ण लिहून काढा, मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग तो कागद घरी ठेवा आणि एका पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत मुद्द्यांचे पाच-सहा शब्द लिहून तेवढाच खिशात घ्या. आकडे आणि नावे मात्र त्यावर पूर्ण लिहावीत. सराव गोठ्यात केला तरी चालतो, पण मोठ्याने करावा. मनातल्या मनात वाचलेले भाषण नेहमीच सुरळीत वाटते. सभेला थोडे लवकर जाऊन माईक तोंडापासून किती लांब धरला की फुटत नाही ते पाहून घ्यावे, आणि चाळिशी लागली असेल तर चष्मा विसरू नये.